एक्सएचसीआय मोड ‘ऑटो’ ठेवावा की ‘इनेबल्ड’?

2012 मध्ये इंटेलने 7-सिरीजमध्ये यूएसबी 3.0 चा कंट्रोलर, म्हणजेच एक्सएचसीआय, थेट चिपसेटमध्येच (मदरबोर्डवरच्या मुख्य जोडचिपमध्ये) आणला, पण यूएसबी 2.0 चे जुने ईएचसीआय कंट्रोलरही राहू दिले. म्हणून त्या बोर्डांच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ‘एक्सएचसीआय मोड’ दिसतो. निळा (यूएसबी 3.0) पोर्ट कुठल्या कंट्रोलरच्या ताब्यात द्यायचा, एवढंच तो ठरवतो.

‘इनेबल्ड’ केलंत की पोर्ट पहिल्यापासून एक्सएचसीआयकडे. विंडोज 8 किंवा त्यापुढची असेल, नाहीतर आजचं लिनक्स, तर बिनधास्त करा. ड्रायव्हर आतच असतो. गोची होते विंडोज 7 टाकताना. तिच्यात हा ड्रायव्हर मुळात नाहीच. बायोसमध्ये कीबोर्ड झकास चालतो, पेनड्राइव्हवरून सेटअपही सुरू होतो, आणि भाषा निवडायच्या पहिल्याच पडद्यावर माउस ढिम्म. कधी सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर नाही असा संदेश येतो (डीव्हीडी लावलेलीच नसताना!) आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

‘ऑटो’मध्ये पोर्ट आधी ईएचसीआयकडे, म्हणजे सेकंदाला 480 मेगाबिटवर. ड्रायव्हर चढला की ते एक्सएचसीआयकडे वळतात, मग 5 गिगाबिट. सेटअप जरा रेंगाळतो, पण अडत नाही. जुनी विंडोज टाकायची तर माझं मत सरळ ‘ऑटो’ला.

2015 च्या 100-सिरीजमध्ये मात्र ईएचसीआयच गेला. तिथे विंडोज 7 साठी ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्येच घालून घ्यावा लागतो, किंवा पीएस/2 कीबोर्ड शोधावा लागतो.