स्किनमागच्या फोमला कॅटलिस्ट कोणता? साधं अमाइन, रिअ‍ॅक्टिव्ह अमाइन, ब्लॉक केलेलं अमाइन आणि धातू

डॅशबोर्डवर अंगठा दाबला की लागणारा मऊपणा वरच्या स्किनचा नसतो, तिच्यामागच्या काही मिलिमीटर फोमचा असतो. वर पीव्हीसी, टीपीओ किंवा टीपीयू अशा एखाद्या प्लास्टिकची पातळ स्किन, खाली कडक प्लास्टिकचा सांगाडा आणि मधल्या फटीत फुलणारं पॉलियुरेथेन. कॅटलिस्ट, म्हणजे फोमच्या अभिक्रियांना वेग देणारा पदार्थ, ठरवताना बहुतेक जण कागदी कपात मिश्रण ढवळतात आणि क्रीम टाइम (फुगायला सुरुवात), जेल टाइम (घट्ट होणं), राइझ टाइम (पूर्ण फुगणं) लिहून घेतात. घड्याळ बरोबरच असतं, पण कपाला स्किन नसते. म्हणून ही तुलना मी अभिक्रियेच्या वेगापासून सुरू न करता फोमला काय चिकटलेलं आहे तिथून करतो.

साच्यात दोन अभिक्रिया एकदमच चालतात. पॉलियुरेथेनचे दोन मूळ घटक, आयसोसायनेट आणि पॉलिऑल, जुळून साखळ्या बांधतात, हे जेलिंग. आयसोसायनेट आणि पाण्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फोम फुगतो, हे ब्लोइंग. जेल आधी झालं तर मिश्रण कोपऱ्यात पोचायच्या आत घट्ट होतं आणि स्किनखाली पोकळी राहते. वायू आधी सुटला तर फोम कोसळून खाली बसतो.

अमाइन म्हणजे नायट्रोजन असलेली सेंद्रिय संयुगं. साध्या अमाइनमध्ये दोन जुने भिडू आहेत. ट्रायइथिलीनडायअमाइन, म्हणजे टीईडीए, जेलिंगकडे झुकतं. ते डायप्रॉपिलीन ग्लायकॉलमधलं ३३ टक्क्यांचं द्रावण म्हणून येतं. बीडीएमएईई हे दुसरं अमाइन ब्लोइंगचं, तेही त्याच ग्लायकॉलमध्ये, ७० टक्के. दोन्हींचा डोस अगदी थोडा लागतो, वागणूक ओळखीची आणि दोन बाटल्यांत जेल-ब्लोचा तोल हवा तसा सरकवता येतो. फोम म्हणून बघाल तर यांना तोड नाही.

अडचण फोम झाल्यावर सुरू होते. हे रेणू साखळीला बांधले जात नाहीत, मोकळेच राहतात आणि उष्णतेने बाहेर पडतात. समोर पीव्हीसी असेल तर अमाइन तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड ओढून काढतं, मागे एकाआड एक दुहेरी बंधांची माळ राहते आणि रंग बदलतो: आधी पिवळट, मग तपकिरी. स्किन कडकही होते. मी एकदा एकाच बेज स्किनच्या दोन पट्ट्या, एक साध्या अमाइनची आणि एक रिअ‍ॅक्टिव्हची, शेजारीशेजारी ओव्हनमध्ये ठेवल्या होत्या. वरून दोन्ही सारख्याच दिसत होत्या. ब्लेडने काप घेतला तेव्हा पहिलीच्या स्किनची फोमकडची कड चहाच्या डागासारखी झालेली. डाग आतून बाहेर येतो, म्हणून नुसतं वरून बघून पास करू नका.

सांगाडा पीसी-एबीएसचा (पॉलिकार्बोनेट मिसळलेल्या प्लास्टिकचा) असेल तर तिथेही जपा, मोकळं अमाइन पॉलिकार्बोनेटलाही खातं. आणि साच्याजवळ उभं राहणाऱ्या माणसाचं काय? अमाइनची वाफ डोळ्याला लागली की नजर धुरकट होते, दिव्यांभोवती निळसर कडं दिसतं. सहसा काही तासांत ते जातं, पण तेवढ्यात घरी गाडी चालवत जायचं असतं.

रिअ‍ॅक्टिव्ह अमाइन यावरचा थेट उपाय. रेणूवर हायड्रॉक्सिल किंवा एन-एच गट असतो. काम करता करता आयसोसायनेट त्यालाच पकडतं आणि तो साखळीत बसतो. बीडीएमएईईच्या एका मिथाइलच्या जागी हायड्रॉक्सिइथाइल लावलं की त्याचा असाच भाऊ तयार होतो. (पूर्ण नाव एका दमात म्हणता येत नाही, म्हणून सगळे व्यापारी नावानेच ओळखतात.) उत्सर्जन खूप खाली येतं, काच धुरकट होण्याची आणि वासाची तक्रारही.

फुकट मात्र काही नाही. रेणू बांधला गेला की त्याची हालचाल थांबते आणि शेवटचं क्युअरिंग, म्हणजे पूर्ण पक्कं होणं, रेंगाळतं. साचा उघडला की फोमवर बोटाचा ठसा उठतो. डोस वाढवावा लागतो, आणि एकच हायड्रॉक्सिल असलेलं अमाइन साखळीचं टोक बंद करतं, म्हणजे डोस वाढवाल तसा फोम कमजोर. शिवाय बांधलेलं अमाइन फोममध्येच राहून दमट उष्णतेत जलविघटनाला (पाण्याने साखळ्या तुटण्याला) हातभार लावतं. साध्याच्या जागी तेवढंच रिअ‍ॅक्टिव्ह टाकून कपात वेळ जुळवणं हा सगळ्यात नेहमीचा घोटाळा. वेळ जुळते, दमट उष्णतेतलं कॉम्प्रेशन सेट (दाबून सोडल्यावर फोम किती चेपलेला राहतो ते) बिघडतं.

ब्लॉक केलेलं अमाइन निवडीचा प्रश्न थोडा वेगळा करतं. फॉर्मिक किंवा २-इथाइलहेक्झॅनॉइक आम्लाने अमाइन बांधून ठेवतात. मिश्रण तापलं की ते सुटतं. क्रीम टाइम लांबतो, मिश्रण दूरपर्यंत वाहतं, शेवटी मात्र झपाट्याने पकडतं. लांबलचक, अडनिड्या साच्याला हे फार सोयीचं. पण सुटलेलं अमाइन साधंच असेल तर डाग तोच. आम्लाने टाक्या-पाइप गंजण्याचाही धोका आहे, फॉर्मिकने जास्त.

धातूंबद्दल थोडक्यात. डायब्युटिलटिन डायलॉरेट हे टिनचं संयुग जेलिंगला जबरदस्त, ब्लोइंगला फारसं नाही, म्हणून अमाइन पूर्ण काढता येत नाही. युरोपीय संघात २०१२ पासून ग्राहकांकडे जाणाऱ्या वस्तूंत डायब्युटिलटिनवर, टिनच्या वजनाने मोजून, ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. बिस्मथ कार्बोक्झिलेट त्या बाबतीत निर्धास्त, पण पाणी घातलेल्या पॉलिऑल मिश्रणात साठवून ठेवलं की जोर ओसरतो. मिश्रण आठवडेच्या आठवडे ड्रममध्ये राहणार असेल तर बिस्मथ वेगळ्या प्रवाहाने द्या किंवा सोडून द्या.

निवड माझ्या मते अशी. स्किन पीव्हीसी असेल तर मोकळ्या अमाइनचा विचारच करू नका. रिअ‍ॅक्टिव्ह घ्या, आणि साचा लांब असेल तर रिअ‍ॅक्टिव्हचंच ब्लॉक केलेलं रूप. टीपीओ किंवा टीपीयूला हा डाग पडत नाही, म्हणून थोडं टीईडीए ठेवून साचा लवकर उघडायचा मोह रास्त आहे, पण गाडीच्या आतला भाग असेल तर उत्सर्जनाची चाचणी तरीही आहेच. व्हीडीए २७८ या जर्मन वाहन उद्योगाच्या चाचणीत तोच नमुना आधी ९० अंशांवर ३० मिनिटं आणि मग १२० अंशांवर ६० मिनिटं तापवून काय काय निघतं ते मोजतात; मोकळं अमाइन तिथे लपत नाही. बंद पॅनेल नसून साधी गादी-उशी असेल तर एवढा खटाटोप कशाला, साधं अमाइन पुरतं.

नमुना मागवाल तेव्हा पुरवठादाराला कपातल्या वेळेआधी तुमच्याच स्किनचा तुकडा पाठवा, आणि ओव्हनमधून परत आलेली पट्टी कापून बघा.