सर्च रिपोर्टची फी वसूल

वाईजवळ जमिनीसकट जुनं घर घेताना एका वकीलबाईंकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या नोंदी तपासून मालकीबद्दल दिलेला अहवाल) करून घेतला. एजंटचं एकच पालुपद, ‘सातबारा क्लिअर आहे, कशाला खर्च?’ बाईंनी जुने फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी) काढले, तर वारसनोंदीत विकणाऱ्याच्या बहिणीचं नावच गायब! शिवाय सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीच्या फिटलेल्या कर्जाचा बोजा तसाच. बोजा कर्ज फिटल्याच्या दाखल्यावर उतरला. बहिणीचं प्रकरण मात्र नुसती लेखनचूक नव्हती, जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ च्या दुरुस्तीत बसेना. तेव्हा बाईंनी आधी वारसनोंद करायला लावली आणि खरेदीखतात बहिणीला ‘संमती देणार’ नव्हे, ‘लिहून देणार’ (म्हणजे स्वतः विकणारी) म्हणूनच घेतलं. फीत घासाघीस चालत नाही, फोन उचलत नाहीत. व्हॉट्सॲपला उत्तर येतं, तेही रात्री अकराला. तेवढ्यासाठी रेटिंगमधला एक तारा कापला.