कॅम्पर व्हॅन मुक्कामाला कुठे लावायची: उजनीचा काठ, मोकळा माळ की बालाघाटची झाडी?

सोलापुरात कुणी कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, बनवून घेतली की पहिलं नाव निघतं ते उजनीचं. साहजिक आहे. आपल्याकडे पाणी दिसलं की माणूस तिकडे ओढला जातोच, आणि पुणे रस्त्याला टेंभुर्णी ओलांडल्यावर ते पाणी अधूनमधून खुणावत राहतं. दुसरा पर्याय माळाचा: नान्नज-मार्डीकडचा, नाहीतर तुळजापूर आणि नळदुर्गच्या मधल्या पठारावरचा मुरमाड माळ. तिसरा येडशी-रामलिंगच्या अंगाची बालाघाटची झाडी. खाली जे लिहिलंय ते ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली, मागच्या चाकांवर ओढणारी, तीन-साडेतीन टनांची गाडी आणि दोन माणसं धरून. छोट्या गाडीला चिखलाचा जाच कमी होईल, बाकीचं गणित तेच राहील.

कोकणचा किनारा या यादीत मी धरत नाही. रत्नागिरीपर्यंत जायचं म्हणजे आंबा घाट उतरून अख्खा दिवस जातो, आणि एवढी जड गाडी वाळूवर न्यायची तर टायरची हवा २५ पीएसआयपर्यंत उतरवून, परत भरायला कॉम्प्रेसर सोबत ठेवावा लागतो. वर खारा वारा. खालचा पत्रा, बॅटरीचे टर्मिनल, बिजागऱ्या, सगळं गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय घरी येता येत नाही. शनिवार-रविवारच्या मुक्कामाला हे परवडणारं नव्हे.

उजनीचं कौतुक आधी करतो, कारण पुढे तिच्याविरुद्ध बरंच बोलायचंय. थंडीत भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित उतरतात तेव्हा खिडकीतून ते बघत चहा घेण्याला तोड नाही. जेवणाची चिंता नाही, चिलापीचं कालवण कुठेही मिळतं. रस्ते बरे आहेत. करमाळ्याच्या बाजूला, केत्तूरच्या अंगाला, गर्दीही कमी.

जमिनीचं मात्र जपून. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणून तर आपल्याकडे धरण ‘उणे’ गेल्याच्या बातम्या येतात. पाणी जसं मागे हटतं तशी गाळपेराची जमीन उघडी पडते. ती वरून वाळून भेगाळलेली, कडक दिसते. खाली हातभरावर गाळ ओलाच असतो. फसवते ती इथेच. गाडी खाली घालण्याआधी पायी जाऊन पहार टोचून बघा. पहार स्वतःच्या वजनाने वीतभर आत गेली तर तिथे गाडी नेऊ नका. रुतलीच तर रेस वाढवू नका. टायरच्या नक्षीत चिकट माती भरते आणि चाक जागेवर फिरून खड्डा खोल करत जातं. मागच्या चाकांपुढची माती उतरती खणा, खाली विटा किंवा चपटे दगड घाला आणि ट्रॅक्टर बोलवा. तो त्या भागात मिळतोच. ओढताना दोर पुढच्या टो-हुकलाच लावायचा, स्टिअरिंगच्या रॉडला नाही. ताणलेल्या दोरावर ओलं बारदान टाकायचं, म्हणजे दोर तुटला तरी कमी उसळतो. पावसाळ्यात उलटा धोका असतो: पुण्याकडच्या धरणांतून विसर्ग सुरू झाला की काठ रातोरात वर सरकतो. जुलै ते ऑक्टोबर गाडी पाण्यापासून निदान दोन पुरुष उंचीवर, तोंड रस्त्याकडे करून लावावी.

हे सगळं सांभाळता येतं. सांभाळता येत नाहीत ती चिलटं.

ज्याने संध्याकाळी काठावर दिवा लावलाय त्याला जास्त सांगायला नको. भीमेतून येणारं पाणी मुळा-मुठेचं सांडपाणी घेऊन येतं, म्हणून उजनीचं पाणी हिरवं दिसतं, आणि त्याच खतावळलेल्या गाळात या चिलटांच्या अळ्या पोसतात. चावत नाहीत, एवढाच त्यांचा उपकार. वारा पडला की दिवेलागणीला त्यांचे थवे उठतात आणि जिथे पांढरा उजेड दिसेल तिथे झेपावतात. डाळीच्या पातेल्यात, चष्म्यावर, कानात. सकाळी दाराच्या चौकटीत मेलेल्यांचा थर आणि त्याला मासळीसारखा वास. छतावरच्या पंख्याच्या जाळीत ती अडकून बसतात, आणि दव पडल्यावर सोलर पॅनलवर अशी चिकटतात की ओल्या फडक्याने घासल्याशिवाय निघत नाहीत.

यावर लोक सांगतात तो उपाय जाळीचा. अडचण नेमकी तिथेच आहे. व्हॅनला साधारणपणे डासांची १८ बाय १६ ची जाळी येते. म्हणजे इंचाला एका बाजूने १८ तारा, दुसऱ्या बाजूने १६. डास अडतो, बारीक चिलटं आत येतात. म्हणून ३० बाय ३० ची बारीक जाळी लावायची, तर वारा निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. मोजलेला नाही, पण रात्री दहाला आतल्या माणसाला तो कळतो. आता एसीचा हिशेब बघा. एक टनी इन्व्हर्टर एसी साधारण ९०० ते १००० वॅट ओढतो. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी अडीच युनिट देते. तापलेल्या गाडीत एसी कट-ऑफ होतच नाही, म्हणजे अडीच तासांत खेळ संपला. ३०० वॅटचं पॅनल दिवसभरात सव्वा ते दीड युनिट भरून काढतं, म्हणजे दुसऱ्या रात्री तेही नाही. तेव्हा आपल्या हवेत व्हॅनमध्ये झोपायचं ते उघड्या खिडक्या आणि ३० वॅटच्या पंख्यावरच. रात्रभर चालला तरी पाव युनिट. ज्या जागी खिडकी उघडता येत नाही, ती जागा फेब्रुवारीच्या मध्यापासून माझ्या लेखी बाद होते. भर थंडीत चिलटं कमी असतात हे मान्य. पण तेव्हा पाण्याकाठी काचांना आतून घाम सुटतो, आणि दोन माणसांच्या श्वासाचं अर्धा-पाऊण लिटर पाणी गादीखाली जाऊन बसतं. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या तर ते टळतं. म्हणजे पुन्हा खिडकीच.

तरीही काठावरच राहायचं असेल तर पिवळे दिवे वापरा, तेही सीटच्या खालच्या उंचीला. पाण्याच्या बाजूला वीस-पंचवीस मीटरवर एक पांढरा दिवा टांगून ठेवा. बरीचशी चिलटं तिकडे जातात. स्वयंपाक अंधार पडायच्या आत उरका. आणि तलावाचं पाणी टाकीत घेऊ नका, गाळूनसुद्धा.

माळाची गोष्ट वेगळी. दख्खनच्या काळ्या कातळावर वीत-दीडवीत मुरूम, त्याच्यावर खुरटं गवत. पाऊस पडून गेल्यावर तासाभरात गाडी हलवता येते. संध्याकाळी वारा असतोच, आणि कोरड्या हवेत उघड्या आभाळाखाली पत्रा लवकर निवतो. एप्रिलमध्येसुद्धा अकराच्या पुढे पांघरूण शोधावं लागतं, निदान तुळजापूरच्या वरच्या पठारावर तरी. चाळिशी पार केलेल्या शहरातून पन्नास किलोमीटरवर एवढं मिळत असेल तर मला ते पाण्यापेक्षा मोलाचं वाटतं. कुणाला वाटणार नाही, तेही खरं.

माळ फुकटात काही देत नाही, हेही सांगितलं पाहिजे. पाणी शून्य. दोन माणसांना अंघोळ-भांडी धरून दिवसाला ४० ते ५० लिटर लागतं. १०० लिटरची टाकी म्हणजे दोन दिवस, आणि पिण्याचे जार वेगळे. सावली नाही, त्यामुळे दुपारी दुसरीकडे जावं लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळं मोज्यांतून थेट कातडीत शिरतात, आणि रेडिएटरच्या जाळीत अडकून इंजिन तापवतात. मुक्कामानंतर समोरची जाळी ब्रशने झाडून घ्यायची सवय लावा. बोर-बाभळीचे काटे टायरात राहतात ते दोन दिवसांनी हवा कमी झाल्यावर कळतं, म्हणून ट्यूबलेसचं प्लग किट हाताशी हवं. ऑनिंगच्या, म्हणजे गाडीला जोडलेल्या कापडी मांडवाच्या, साध्या खुंट्या मुरमात वाकतात. १२ मिलिमीटरची सळई फूटभर कापून टोक काढून घ्या आणि दोन किलोचा हातोडा ठेवा.

वाळल्या गवताबद्दल जरा जास्तच सावध राहा. बीएस-सहा डिझेल गाडीत डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, सफाई (रीजन) चालू असते तेव्हा सायलेन्सरची लाइन भट्टीइतकी तापते. त्या अवस्थेत गुडघाभर वाळल्या गवतावर गाडी उभी केली तर गवत पेटू शकतं. डॅशबोर्डवर रीजनचा दिवा असेल, किंवा उभ्या गाडीचा आयडल नेहमीपेक्षा वर असेल, तर आधी डांबरी रस्त्यावर ते पुरं होऊ द्या. मग खुरप्याने गाडीखालचं गवत साफ करून गाडी आत घ्या.

जून-जुलैत पश्चिमेचा वारा दमदार असतो. गाडीचं तोंड पश्चिमेला, ऑनिंग बंद. वळवाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, दुपारी ढग चढताना दिसले की माळाच्या माथ्यावर थांबू नका. विजेत पत्र्याच्या बंद गाडीत माणूस सुरक्षित असतो, पण कापडी पॉप-टॉप, म्हणजे वर उचलायचं छप्पर, उघडा असेल तर ते छप्पर काही कामाचं नाही. तो खाली घ्या, बाहेरची खुर्ची-टेबल राहू द्या.

राहता राहिली परवानगी. नान्नजचं माळढोक अभयारण्य आणि येडशी-रामलिंगचं अभयारण्य, दोन्हींच्या हद्दीत रात्री गाडी लावण्याचा विचारही करू नका. गायरानावर थांबायचं तर गावात सांगून. सगळ्यात सोपं म्हणजे वस्तीवर जाऊन मालकाला सरळ विचारणं, “दादा, एक रात्र गाडी लावू का?” नकार क्वचित येतो. हुरड्याच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, बऱ्याच शेतांवर तशी सोयच असते आणि वीजही मिळते. फक्त ती वीज सरळ चार्जरला जोडू नका. शेजारची मोटर सुरू झाली की व्होल्टेज दोनशेच्या खाली जातं, आणि अर्थिंग नावापुरतंच असतं. टेस्टरने फेज-न्यूट्रल तपासा, आपला आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) आणि व्होल्टेज कट-ऑफ मधे ठेवा. उसाच्या पट्ट्यात, माढा-माळशिरसकडे, गाळप हंगामात कारखान्याची काजळी पॅनलवर बसते आणि रात्रभर डबल ट्रॉल्या मोठ्या आवाजात गाणी लावून जातात. झोप हलकी असेल तर रस्त्यापासून अर्धा किलोमीटर आत.

झाडीबद्दल थोडक्यात. बालाघाटची झाडी पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत देखणी, पण ते पानगळीचं जंगल. मार्च ते मे, ज्या महिन्यांत सावली हवी त्याच महिन्यांत तिथे नुसत्या काड्या उभ्या असतात. उलट सावली दाट असते तेव्हा पॅनलचं नुकसान: दोन-चार सेलवर फांदीची सावली पडली तरी पॅनलची वीज बरीच घटते. रामलिंगच्या बाजूला वानरं आहेत. त्यांना वायपरचं रबर, व्हेंटचं झाकण आणि अँटेना यांचं भारी आकर्षण, आणि अन्नाचा वास आला की जाळी फाडायला त्यांना वेळ लागत नाही. एखाद्या दुपारपुरती ती जागा छान. मुक्कामाला मी तरी सुचवणार नाही.

सावलीच हवी असेल तर वस्तीवरचा कडुनिंब बघा. चैत्रात त्याला नवी पालवी येते, म्हणून ऐन उन्हाळ्यात त्याच्याखाली गार असतं. दुपार निंबाखाली, आणि सहाला गाडी काढून माळावर, ही जोडी मला आजवर सगळ्यात कमी त्रासाची वाटली आहे.

पक्षी हेच कारण असेल तर डिसेंबर-जानेवारीत उजनीला जा, एक रात्र काढा, दुसरी काढू नका. लहान मुलं सोबत असतील तरी उजनीच. त्यांना पाणी लागतं आणि चिलटांचं त्यांना फारसं काही वाटत नाही. बाकी दहा महिने तुळजापूर-नळदुर्गचं पठार. नळदुर्गकडून वर जायचं असेल तर हैदराबाद रस्ता सरळ आहे, घाटाची कटकट नाही. तुळजापूरकडून जाणार असाल तर नवरात्रात आणि विशेषतः कोजागिरीच्या आदल्या रात्री तो रस्ता धरू नका. सोलापुरातून निघालेली पायी चालणाऱ्यांची गर्दी रस्ताभर असते आणि गाडी पुढे सरकत नाही. टाकी सोलापुरातच भरून घ्या. भरलेल्या टाकीचं वजन मागच्या चाकांवर येतं, तेव्हा मागच्या टायरची हवाही त्याच वेळी बघून घ्या.