रोज तीन ओळी: होमस्कूलिंगमध्ये उतारा काढण्याचे अकरा महिने

आमची मोठी सात वर्षांची झाली तेव्हा वाचायची झरझर, बोलायची त्याहून झरझर. पण लिहायला बसली की कागद फाटेपर्यंत पेन्सिल दाबायची. अक्षरं कुठे लहान, कुठे मोठी, दोन शब्दांमध्ये जागाच नाही. आम्ही होमस्कूलिंग करतो, त्यामुळे अक्षराची जबाबदारी पूर्णपणे आमचीच. अकरा महिन्यांपूर्वी आम्ही दुसरं सगळं बाजूला ठेवून रोज उतारा काढायचं ठरवलं. नवं काहीच नाही, आपल्याकडे याला कित्ता म्हणा, शुद्धलेखन म्हणा. समोर चांगला मजकूर ठेवायचा आणि तो तसाच्या तसा वहीत उतरवायचा. आमच्याकडे त्याचं काय झालं ते लिहिते. घरी शिकवणाऱ्या पालकांना उपयोग होईल असं मनापासून वाटतं.

पहिला महिना वाया गेला, आणि तो माझ्यामुळे गेला. रोज एक पान पूर्ण व्हायलाच हवं असा माझा आग्रह होता. पान भरायचं, पण वरच्या तीन ओळी नीट, मधल्या कशाबशा आणि खालच्या नुसत्या उरकलेल्या. महिन्याअखेरीस वही चाळली तेव्हा लक्षात आलं, की ती रोज तीन ओळी चांगल्या अक्षराचा सराव करते आणि दहा ओळी वाईट अक्षराचा. हाताला दोन्ही सवयी सारख्याच लागतात.

त्याच सुमारास शार्लट मेसन (1842–1923) या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बाईंचे विचार वाचनात आले. 7–8 वर्षांच्या मुलांनी लेखनाची सुरुवात पत्रं किंवा श्रुतलेखनाने न करता उतारा काढण्याने करावी, तेही सावकाश आणि सुंदर, असं त्यांचं म्हणणं होतं. लेखनाचा धडा 5 ते 10 मिनिटांहून लांबवू नये, हे त्यांनी स्पष्ट सांगितलंय. आणि शब्द एकदा नीट बघून, डोळे मिटून मनात उभा करून, मग न बघता लिहायचा. ही शेवटची गोष्ट मी तेव्हा वाचून पुढे गेले. तिचं मोल फार उशिरा कळलं.

दुसऱ्या महिन्यापासून तीन ओळी किंवा दहा मिनिटं, जे आधी होईल ते. वाक्य अर्ध्यावर असलं तरी वही बंद. कुरकुर तिथेच संपली.

वहीबद्दल थोडं लिहायला हवं, कारण इथे आमची चूक झाली होती. घरात इंग्रजीसाठीची चौरेघी वही होती, तीच मी मराठीसाठी दिली. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं, आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकतं. चौरेघीत नेमकी कोणती रेघ धरायची हेच तिला कळेना, मग काही अक्षरं तळाशी टेकलेली, काही मध्येच तरंगणारी. दुरेघी वही आणली आणि अक्षरांची उंची आठवड्याभरात एकसारखी झाली. वेलांटी वर जाते, उकार खाली उतरतो, त्यांच्यासाठी दोन ओळींच्या मधली मोकळी जागा पुरते.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. दुसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी वहीकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघायला लागले. वाक्य होतं, 'खारूताई झरझर खोडावरून वर गेली.' अक्षरं सतरा. तिची मान एकोणीस वेळा वर झाली! 'खा' लिहायला एकदा, त्याचा काना राहिला म्हणून परत एकदा, मग 'रू', मग कुठे होतो ते शोधायला आणखी एकदा. म्हणजे ती शब्द लिहीतच नव्हती, एकेका अक्षराचं चित्र काढत होती. हात थांबत होता, कारण डोळ्यांनी पुरेसं आणलेलं नव्हतं. खराब अक्षर म्हणजे बोटांचा दोष असंच मी तोवर धरून चालले होते.

तेव्हा मेसनबाईंचं ते डोळे मिटणं आठवलं. मग आमची पद्धत अशी झाली: आधी वाक्य मी मोठ्याने वाचायचं, मग तिने. एक शब्द बघायचा, डोळे मिटायचे, 'दिसतोय का गं?' असं मी विचारायचं. दिसत असेल तर वाक्याचं कार्ड पालथं घालून लिहायचा. नसेल दिसत तर पुन्हा बघायचा, कितीही वेळा, मात्र लिहायला घेतला की मध्ये बघायचं नाही. सुरुवातीला 'वर', 'घर' असे दोन अक्षरी शब्दच जमायचे. तिसरा महिना संपताना तेच वाक्य मुद्दाम पुन्हा दिलं, तेव्हा मान आठ वेळा वर झाली. गेल्या महिन्यात तीन वेळा. 'खोडावरून' हा पाच अक्षरी शब्द, दीर्घ रू सकट, तिने एका नजरेत उचलला.

याचा परिणाम अक्षरावर झाला तो रेघेच्या वाहतेपणात. पूर्वी प्रत्येक अक्षरानंतर पेन्सिल थांबायची, तिथे दाबून ठिपका पडायचा. आता शब्द एका लयीत येतो, त्यामुळे दाब आपोआप कमी झाला. 'हलकं धर, हलकं धर' असं मी महिनाभर सांगत होते, त्याने काही झालं नव्हतं. ऱ्हस्व-दीर्घही सुधारलं, एकही नियम न शिकवता. 'मूल' आणि 'मुलं' हे शब्द तिने इतक्यांदा डोळ्यांत साठवलेत, की चुकीचा उकार पडला तर ती स्वतःच म्हणते, 'आई, हे वेगळं दिसतंय.'

देवनागरीच्या काही खाचाखोचा मला उतारा बघता बघताच कळल्या. तिचे 'धन' आणि 'घन' सारखे का दिसतात, 'भर' चा 'मर' का होतो हे मला आधी समजत नव्हतं. जवळ बसून पाहिलं तर सगळा घोळ शिरोरेषेचा. थ, ध आणि भ या अक्षरांच्या डावीकडच्या गाठीवरून शिरोरेषा जात नाही, तिथे ती तुटते. मोठी आधी पूर्ण शब्दाएवढी आडवी रेघ मारायची आणि मग खाली अक्षरं टांगायची, म्हणजे तुटायला जागाच नाही. क्रम उलटा केला. आधी अक्षरं, शब्द पूर्ण झाला की डावीकडून उजवीकडे रेघ, आणि गाठ आली की पेन्सिल उचलायची. दोन आठवड्यांत भ आणि म वेगळे झाले. तसंच 'ख'चं. त्याचे दोन भाग खाली जोडले नाहीत, तर तो 'रव' वाचला जातो. ही अक्षरं असलेली वाक्यं मी मुद्दाम शोधून देत होते.

मजकूर कुठून घेता, तेही बघा. मी सुरुवातीला संगणकावर वाक्यं छापून कार्डं केली. तिने ल आणि श वेगळ्याच पद्धतीने काढायला सुरुवात केली, तेव्हा लक्षात आलं की त्या फॉन्टमधला ल हिंदी वळणाचा होता. मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण धरावा असा महाराष्ट्र शासनाचा 2009 चा निर्णय आहे, पण बरेच फॉन्ट दुसरं वळण दाखवतात. मूल वाचताना दोन्ही ओळखतं, उतरवताना मात्र समोर असेल तेच हातात जातं. तेव्हापासून कार्डं मी हातानेच लिहिते. त्यासाठी मला माझं अक्षर सुधारावं लागलं आणि ते बघून तिला फार आनंद झाला.

दासबोधात 19 व्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेवर आहे. तिथे समर्थांनी अक्षर वाटोळं, सरळ आणि मोकळं असावं असं सांगितलंय. तपासताना आम्ही तेच तीन शब्द वापरतो. चुकांवर लाल खुणा करणं मी पूर्ण बंद केलं. लिहून झालं की तीच बघते: गोल कुठलं अक्षर आलं, सरळ कुठलं आलं, आणि शब्द मोकळे आहेत का. आजचं सगळ्यात चांगलं अक्षर ती निवडते आणि त्याच्याभोवती गोल करते. खोडरबर टेबलावर नसतो. चुकलं तर एक आडवी रेघ आणि पुढे नव्याने. पूर्वी खोडण्यात तिची निम्मी मिनिटं जायची.

धाकटा पाच वर्षांचा आहे आणि डावखुरा. त्यालाही ताईसारखं बसायचं होतं, म्हणून गिरवायची एक छापील वही आणली. ठिपके जोडून अक्षर काढायचं. त्याने पानंच्या पानं भरली, पण कोऱ्या कागदावर 'क' काढ म्हटलं तर येईना. तो एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जात होता, अक्षराचं वळण हातात उतरलंच नव्हतं. करिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी 2012 मध्ये अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासातही हाच फरक दिसला होता: स्वतःच्या हाताने अक्षर लिहिल्यानंतर ते बघताना मेंदूतली वाचनाशी निगडित जाळी जशी जागी झाली, तशी गिरवून किंवा टंकून झाली नाही. आम्ही ती वही ठेवून दिली. तो आता वाळूत बोटाने आणि फळ्यावर खडूने हातभर मोठी अक्षरं काढतो. उताऱ्याची त्याला अजून घाई नाही.

डावखुऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक सूचना. कित्त्याचं अक्षर ओळीच्या डाव्या टोकाला असेल, तर लिहिताना मुलाच्याच हाताखाली झाकलं जातं. नमुना वरच्या बाजूला किंवा उजवीकडे ठेवा. कागद थोडा उजवीकडे कलता ठेवा आणि पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला सांगा, म्हणजे मनगट वाकडं करून लिहायची सवय लागत नाही.

जे जमलं नाही तेही लिहिते. पाचव्या महिन्यात मोठीने आजीला स्वतःच्या मनाने पत्र लिहिलं आणि मी बघतच राहिले. उताऱ्याच्या वहीतलं टपोरं अक्षर कुठेच नव्हतं, पुन्हा तीच धावपळ. मी निराश झाले, तिला बोललेही, आणि त्याचं अजून वाईट वाटतं. पुढचा महिनाभर तिने स्वतःहून एक ओळ लिहिली नाही. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा पटलं, की काय लिहायचं, कसं लिहायचं आणि अक्षर कसं काढायचं, ही तिन्ही कामं एकदम करायला ती अजून लहान आहे. उतारा यातलं एकच काम शिकवतो. स्वतःचं लिहिण्याचं धाडस किंवा वेग त्यातून येत नाही, आणि ती अपेक्षाही ठेवू नये.

मधला रस्ता सापडला तो असा. ती मला सांगते, मी तिच्याच शब्दांत कार्डावर उतरवून घेते आणि दुसऱ्या दिवशी ती त्याचा उतारा काढते. 'काल मला अंधारात आवाज आला आणि मी घाबरले नाही', हे तिचं वाक्य. ते लिहिताना तिने जितकं मन लावलं, तितकं मी निवडलेल्या कुठल्याच सुंदर वाक्यावर लावलं नव्हतं. आता आठवड्यातले तीन दिवस तिची वाक्यं, दोन दिवस कविता किंवा गोष्टीतल्या ओळी. तिच्या स्वतंत्र लेखनातलं अक्षर मी तपासत नाही. तरी गेल्या दोन महिन्यांत तिथेही शब्द मोकळे व्हायला लागलेत आणि भ वरची शिरोरेषा तुटायला लागली आहे.

पुढच्या महिन्यापासून जोडाक्षरं घेणार आहे. 'त्र', 'क्ष', 'ष्ट' अजून ती तुकड्या-तुकड्याने चित्रासारखी काढते, आणि रफार कुठल्या अक्षरावर द्यायचा हे प्रत्येक वेळी वर बघून ठरवते. काल 'सूर्य' लिहायला तिने चारदा मान वर केली. कार्डामागे तारीख घालून तो आकडा लिहून ठेवलाय.