वेटलॉफर चौकशी अहवाल : सुरुवात दुसऱ्या खंडापासून करावी

एलिझाबेथ वेटलॉफर या परिचारिकेने कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात २००७ ते २०१६ या काळात आपल्या देखरेखीखालील १४ जणांना जाणूनबुजून इन्सुलिनची घातक मात्रा टोचली आणि त्यांपैकी आठ वृद्धांचा त्यात मृत्यू झाला. जून २०१७ मध्ये तिने सर्व गुन्हे न्यायालयात कबूल केले, तिला जन्मठेप झाली आणि २५ वर्षे पॅरोल मिळणार नाही असे ठरले. मात्र गुन्हा कबूल झाल्यामुळे साक्षीपुराव्यांचा खटला चाललाच नाही, आणि इतकी वर्षे हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही, हा नातेवाइकांचा प्रश्न तसाच राहिला. त्या प्रश्नासाठी नेमलेल्या आयोगाचा चार खंडांचा अहवाल न्यायमूर्ती आयलीन गिलीज यांनी ३१ जुलै २०१९ रोजी सादर केला. तो इंटरनेटवर विनामूल्य मिळतो.

पहिल्या खंडात सारांश आणि सर्व ९१ शिफारशी एकत्र आहेत. घाईत असलेल्याचे काम तेवढ्यावर भागेल. चौथा खंड आयोगाच्या कार्यपद्धतीविषयी आहे आणि सामान्य वाचकाने तो सोडला तरी चालेल. अहवालाचा खरा गाभा दुसऱ्या खंडात आहे. सनसनाटी वृत्तांतांत ‘खुनी परिचारिकेच्या मनात काय होते’ यावर पानेच्या पाने खर्च होतात. हा खंड मात्र औषधांचे कपाट, रात्रपाळीतील मनुष्यबळ, नोकरीचे कागद आणि मृत्यूनंतर भरले जाणारे फॉर्म यांच्याकडे पाहतो. गुंगीच्या औषधांची मोजदाद काटेकोरपणे होत असे, इन्सुलिनची होत नसे. रात्री मोठ्या संख्येने असलेल्या वृद्धांमागे एखादीच परिचारिका असे. रक्तातील साखर उतरल्यावर येणारी ग्लानी आणि गोंधळलेपण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या शेवटच्या दिवसांसारखेच दिसते, आणि नव्वदीच्या माणसाच्या मृत्यूबद्दल सहसा कोणी शंका घेत नाही. हे सारे एका ओळीत आले की वाचताना अंगावर काटा येतो.

तिच्या नोकऱ्यांचा इतिहास अधिक अस्वस्थ करतो. १९९५ मध्ये रुग्णालयातील गुंगीच्या गोळ्या चोरल्यामुळे तिची नोकरी गेली, पण पुढील तडजोडीत कागदोपत्री तो राजीनामा ठरला. ओंटारियोतील वुडस्टॉकच्या ज्या शुश्रूषागृहात (वृद्धांच्या देखभालीच्या निवासगृहात) तिने सात खून केले, तेथून मार्च २०१४ मध्ये औषध देण्यातील चुकीबद्दल तिला काढून टाकण्यात आले. मात्र कामगार संघटनेच्या तक्रारीनंतर झालेल्या समझोत्यात तिला दोन हजार डॉलर आणि शिफारसपत्र मिळाले. त्याच वर्षी ओंटारियोतीलच लंडन शहरातील दुसऱ्या गृहात तिने आठवा खून केला. २०१६ मध्ये मधुमेही मुलांची शुश्रूषा करण्याचे काम समोर आले तेव्हा ती स्वतःच घाबरली आणि टोरांटोतील मानसोपचार रुग्णालयात जाऊन तिने सर्व सांगितले. तिने कबुली दिली नसती तर हे गुन्हे उघडकीस आलेच नसते, असे आयोग स्पष्ट शब्दांत नोंदवतो.

माझा मतभेद आयोगाच्या मुख्य निष्कर्षाशी आहे. दोष व्यवस्थेचा असून कोणा एका व्यक्तीवर किंवा संस्थेवर ठपका ठेवणे योग्य नाही, असे अहवाल म्हणतो. पुन्हा असे घडू नये यासाठी ही भूमिका उपयोगी आहे, हे मला मान्य आहे. तरीही चुकांची यादी समोर असताना शिफारसपत्रावर सही करणारा हात व्यवस्थेचा नव्हे, माणसाचा असतो. त्याविषयी आयोगाने थोडे अधिक कठोर शब्द वापरायला हवे होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तिसऱ्या खंडातील उपाय मात्र ठोस आहेत. प्रत्येक गृहाला त्याच्या आकारानुसार ५० हजार ते दोन लाख डॉलरचे अनुदान द्यावे आणि त्यातून औषधांच्या खोलीला काच बसवण्यासारख्या सुधारणा कराव्यात, इन्सुलिनचा हिशेब ठेवावा, रात्रपाळीसह प्रत्येक पाळीत किती प्रशिक्षित परिचारिका हव्यात याचा सरकारने अभ्यास करावा, असे त्यात सुचवले आहे. भाषा सोपी आहे, मात्र पुनरुक्ती बरीच आहे. ओंटारियोत ज्यांचे आईवडील शुश्रूषागृहात आहेत अशा मराठी कुटुंबांनी हा खंड अवश्य वाचावा आणि पुढच्या भेटीत रात्री मजल्यावर किती परिचारिका असतात व इन्सुलिनची नोंद कोण तपासतो, हे दोन प्रश्न तेथील व्यवस्थापकाला विचारावेत.