३०३ सांगितलं, १४१ मिळालं

पीएचडीच्या कामासाठी रक्तातली साखर चिकटलेली मेदद्रव्यं मोजायची होती. आमच्या विभागात ट्रिपल क्वाड (रेणू तोडून वस्तुमान मोजणारं मास स्पेक यंत्र) नाही, म्हणून पैसे भरून दुसऱ्या संस्थेच्या मास स्पेक सुविधेत २४ नमुने चालवून घेतले. संस्थेचं नाव लिहीत नाही, अजून तिथेच जायचंय.

एचबीएवनसी सगळ्यांना माहीत आहे, हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. तशीच ती फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमीन या मेदद्रव्यालाही, म्हणजे आमच्या बोलीत ‘पीई’ला, चिकटते, कारण त्याच्याकडे मोकळा अमीन गट असतो. फॉस्फॅटिडिलकोलीन या दुसऱ्या मेदद्रव्याकडे तो नाही, त्यामुळे ते सुटतं. एक ग्लुकोज लागला की वस्तुमान १६२ ने वाढतं, आलेखातला ७१६.५ चा पीक, म्हणजे सिग्नलचं टोक, ८७८.६ वर जातो. यंत्रात तुटताना साधं पीई १४१ चा तुकडा टाकतं, साखरवालं ३०३ चा. २००५ साली जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या गटाने याच ३०३ वरून माणसाच्या प्लाझ्मातलं हे द्रव्य हुडकलं होतं. थोडक्यात, सगळा खेळ त्या एका आकड्याचा.

फॉर्मवर मी ३०३ लिहून वर गोल केला होता. निकाल आला १४१ चा! फोन केला तर उत्तर, “मॅडम, पीईला आम्ही नेहमी हाच लावतो.” पुन्हा चालवायला स्लॉट १९ दिवसांनी, वर निम्मे पैसे. तोवर नमुने कुठे आहेत? “फ्रीजमध्ये.” कुठल्या, हे तीनदा विचारल्यावर कळलं, उणे २० अंशांच्या. मी ड्राय आइस भरून, थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन एसटीने गेले होते ते उणे ८० साठी.

दुसऱ्या वेळी मी शेजारी स्टूल टाकून बसले, आणि इथे मात्र त्यांना पूर्ण गुण. ऑपरेटर दादांनी दर चार नमुन्यांनंतर ब्लँक, म्हणजे नमुना नसलेलं नुसतं द्रावण, चालवला, मागचा अंश पुढच्यात येतोय का ते बघायला. ९०० च्या आसपास एक आगाऊ पीक दिसला, तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, “सोडियम. बाटल्या कशाने धुता?” साबणाने धूत होतो, त्यातलं सोडियम रेणूला चिकटत होतं. एकाच रेणूचा सिग्नल दोन पीकमध्ये वाटला जात होता आणि मी प्रमाण कमी आलं म्हणून रडत होते. असं शिक्षण कुठल्या दरपत्रकात नसतं.

जाणार असाल तर स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी लागणारं ओळखीचं द्रव्य, स्वतःचं न्या, त्यांच्याकडे नाही. मी पीई आणि ग्लुकोज मिथेनॉलमध्ये गरम ठेवून घरचंच केलं. पेनड्राइव्हही न्या. नाहीतर नुसती पीडीएफ हातात देतात, मूळ फाइल मागितली की कपाळाला आठ्या.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण कापला तो पावतीसाठी. तिच्यावर ‘शुगर टेस्ट, २४ नग’ असं छापलंय, आणि आमच्या लेखा विभागाने ती दोनदा परत पाठवलीये.