अनाथ पांडा ‘दत्तक’ देणाऱ्यांपासून सावध राहा

वन्यजीवांसाठी मनापासून देणगी देणाऱ्या माणसांसाठी हे लिहिते आहे, कारण ही टोळी नेमकी अशाच माणसांच्या मागावर असते. ‘अनाथ पांडा दत्तक घ्या’ असं आवाहन करणाऱ्या एका बनावट संस्थेने मला आणि माझ्याबरोबर पैसे भरणाऱ्या मैत्रिणींना कित्येक महिने लुबाडलं. संस्थेचं नाव देत नाही. ते त्यांनी केव्हाच बदललं आहे, त्यामुळे नाव पाठ करून कुणीही वाचणार नाही. पद्धत मात्र तीच आहे, म्हणून ती सविस्तर सांगते.

सुरुवात एका व्हिडिओने झाली. बर्फात कुडकुडणारं पांडाचं पिल्लू, त्याला दुपट्यात गुंडाळून नेणारे हात, आणि आई सापळ्यात अडकून मेल्याची गोष्ट. खाली लिहिलं होतं की जगात आता हजारापेक्षाही कमी पांडा उरले आहेत. दरमहा ठरावीक रक्कम भरली की पिल्लाच्या औषधपाण्याचा खर्च निघणार, आपल्याला प्रमाणपत्र मिळणार आणि त्याच्या तब्येतीची पत्रं येत राहणार.

अशी योजना ऐकून कुणालाही संशय येत नाही, कारण अनेक खऱ्या संस्था ती चालवतात. १९६१ साली स्थापनेपासून पांडाचं बोधचिन्ह वापरणारी डब्ल्यूडब्ल्यूएफही चालवते. पण खऱ्या योजनेत हे दत्तक घेणं प्रतीकात्मक असतं आणि तसं स्पष्ट छापलेलं असतं. तुमचे पैसे संस्थेच्या एकूण कामात जातात, अमुक एका पिल्लाचा जीव तुमच्या हप्त्यावर टांगलेला नसतो. आमच्या बाबतीत पहिल्या पत्रापासून तो टांगलेला होता.

पत्रं फार जिव्हाळ्याने लिहिलेली असत. पिल्लाने आज पहिल्यांदा बांबू चावला, आज ते झाडावर चढलं, आज तुमच्या नावाने हाक मारल्यावर त्याने मान वळवली. मग एके दिवशी आतड्याचं ऑपरेशन निघालं. ते होतंय तोवर खास दूध संपलं. त्यानंतर पिंजऱ्याची दुरुस्ती, मग आमच्यासाठी पाठवलेलं कापडी खेळणं कस्टममध्ये अडकलं आणि ते सोडवायला शुल्क आलं. प्रत्येक वेळी मुदत चोवीस तासांची. एका पत्रात तर सरळ लिहिलं होतं की उद्यापर्यंत रक्कम जमा झाली नाही तर औषध बंद करावं लागेल. आमच्यातल्या एकीने त्या रात्री स्वतःच्या उपचारांसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढून पाठवले. पैशांची भरपाई कधीतरी होईल, पण कुणाच्या मायेला असं वेठीला धरणाऱ्याला माफी नाही.

हा खोटेपणा उघडा पडला तो एका तारखेमुळे. पिल्लाचा वाढदिवस म्हणून जानेवारीतला दिवस दिला होता, आणि त्यानिमित्त वेगळी देणगी मागितली होती. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचं पांडांविषयी बरंच वाचन आहे. तिने विचारलं, जानेवारीत कसं? पांडांचा विणीचा हंगाम वसंतात, साधारण मार्च ते मे. मादी वर्षातून जेमतेम एक ते तीन दिवस गर्भधारणेला तयार असते आणि पिल्लं बहुतेक करून जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान जन्मतात. मग आम्ही सगळी जुनी पत्रं पुन्हा काढली. जन्माच्या वेळचं वजन तीन किलो लिहिलं होतं. पांडाचं नवजात पिल्लू साधारण शंभर ग्रॅमचं असतं, गुलाबी, जवळजवळ केसांविना, डोळे मिटलेलं, आईच्या वजनाच्या सुमारे नऊशेव्या भागाएवढं. तीन किलोचं बाळ माणसाचं असतं. फोटो शेजारी शेजारी ठेवले तर डोळ्यांभोवतीचे काळे डाग दर फोटोत वेगळ्या आकाराचे निघाले. हे डाग प्रत्येक पांडाचे निराळे असतात. म्हणजे ‘आमचं’ पिल्लू निदान चार वेगवेगळी पिल्लं होती. फोटोवरून शोध घेतल्यावर त्यातले बरेचसे चीनमधल्या प्रजनन केंद्रांच्या जुन्या व्हिडिओंमधून उचललेले सापडले.

त्यांच्याकडची सर्वात महागडी वस्तू होती ‘कायदेशीर मालकी हक्काचं प्रमाणपत्र’. शिक्का, सही, सोनेरी कडा, सगळं होतं. पांडाची मालकी कुणाही खासगी माणसाला मिळू शकत नाही. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत दिसणारे पांडासुद्धा जवळजवळ सगळे चीन सरकारच्या मालकीचे असतात. ते करारावर ठरावीक वर्षांसाठी दिले जातात, त्यासाठी वर्षाला एका जोडीमागे दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम मोजावी लागते आणि तिथे जन्मलेलं पिल्लूही चीनचंच राहतं. मोठमोठ्या प्राणिसंग्रहालयांना जे मिळत नाही ते मासिक हप्त्यावर आपल्याला कोण देणार?

दुसरं आश्वासन होतं पिल्लाला जंगलात सोडण्याच्या सोहळ्याचं. वर्षभराचं झालं की दात्यांच्या उपस्थितीत पिंजरा उघडणार, असं सांगून त्याचीही नोंदणी फी घेतली. बंदिवासात वाढलेल्या पांडाला जंगलात सोडणं किती अवघड आहे हे कळल्यावर मला या थापेचा फार राग आला. २००६ मध्ये शियांग शियांग नावाचा नर पहिल्यांदा असा सोडला गेला आणि पुढच्याच वर्षी मेला. त्यानंतर पद्धतच बदलली. पिल्लू आईजवळ, माणसांपासून दूर, जंगलासारख्या कुंपणात वाढवायचं. त्याला माणसाची सवय लागू नये म्हणून चीनमधल्या वोलोंग पांडा केंद्रातले कर्मचारी पांडाचा वेष चढवून, त्या वेषाला पांडाच्या मूत्राचा वास लावून जवळ जातात. अशा प्राण्याला सोडताना दात्यांचा मेळावा भरवायचा? वर्षानुवर्षं हे काम निष्ठेने करणाऱ्यांचा हा अपमान आहे.

आणि हजारापेक्षा कमी पांडा उरले हा आकडा. चीनच्या चौथ्या राष्ट्रीय गणनेचे निष्कर्ष २०१५ मध्ये जाहीर झाले, त्यात जंगलातले पांडा १,८६४ भरले. आधीच्या गणनेत ते १,५९६ होते. २०१६ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने पांडाला ‘संकटग्रस्त’ गटातून काढून त्याखालच्या ‘असुरक्षित’ गटात ठेवलं. धोका टळलेला नाही, पण तो व्हिडिओत दाखवतात तसा नाही. चीनच्या सिचुआन, शाआन्शी आणि गान्सू प्रांतांतल्या डोंगरांत हे पांडा ३३ वेगवेगळ्या गटांत तुटून पडले आहेत. मध्ये रस्ते, शेती, वस्त्या, धरणं. काही गटांत तर दहाही पांडा नाहीत. एका डोंगरावरच्या पांडाला दुसऱ्या डोंगरावर जोडीदार शोधायला जाता येत नाही, ही आजची खरी अडचण आहे.

बांबूचंही तसंच. पांडाचा जवळजवळ सगळा आहार बांबू, आणि बांबूच्या जाती कित्येक वर्षांनी एकदाच, एकाच वेळी फुलतात आणि फुलल्यावर मरतात. १९७०च्या दशकात आणि पुन्हा १९८३ च्या सुमाराला असं घडलं तेव्हा जगभरातून पांडांसाठी पैसे गोळा झाले होते. पूर्वी एका डोंगरावरचा बांबू गेला की पांडा दुसरीकडे सरकत, पण जंगल तुटल्यावर सरकायला वाटच राहिली नाही. म्हणून पांडाला वाचवणारी मोठी पावलं बघा: १९९८ च्या पुरांनंतर नैसर्गिक जंगलातल्या लाकूडतोडीवर आणलेली बंदी, उतारावरची शेती सोडून तिथे पुन्हा झाडं लावणं, जंगलाच्या तुकड्यांना जोडणारे पट्टे, आणि २०२१ मध्ये औपचारिकरीत्या स्थापन झालेलं, २०,००० चौरस किलोमीटरहून मोठं पांडा राष्ट्रीय उद्यान. त्याच जंगलात सोनेरी माकडं आहेत, ताकिन नावाचे बकरीच्या कुळातले दणकट प्राणी आहेत, कितीतरी पक्षी आहेत. एका पिल्लाच्या ऑपरेशनवर डोळे खिळवणारं आवाहन आपल्याला हे जंगल बघूच देत नाही, आणि आपले पैसे त्या जंगलापर्यंत पोहोचूही देत नाही.

पैशांची बाजू तपासली तेव्हा तीही पोकळ निघाली. वेबसाइटवर दिलेला नोंदणी क्रमांक खरा होता, पण दुसऱ्याच संस्थेचा. तो त्यांनी दिलेल्या लिंकवर पाहिला तर त्यांचंच नाव दिसायचं, आणि धर्मादाय संस्थांच्या सरकारी नोंदवहीत स्वतः शोधला तर वेगळंच. वेबसाइट काही महिन्यांपूर्वीच सुरू झालेली, ‘२० वर्षांची सेवा’ फक्त मजकुरात. खातं व्यक्तीच्या नावावर होतं आणि ते दर थोड्या दिवसांनी बदलायचं. कारण दर वेळी एकच, ऑडिट चालू आहे. वार्षिक हिशेब मागितला तर आणखी फोटो यायचे. तिसऱ्यांदा मागितल्यावर ‘तुम्हाला पिल्लाची काळजी नाही’ असा संदेश आला आणि आम्हाला ब्लॉक केलं.

ब्लॉक केलं तरी ऑटो-डेबिट चालूच होतं, हे नीट लक्षात घ्या. पत्रं थांबली म्हणजे वसुली थांबली असं नाही. बँकेत जाऊन ती परवानगी रद्द करावी लागली, कार्ड बदलावं लागलं. व्यवहारांचे तपशील, ईमेल आणि स्क्रीनशॉट जोडून सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. अगदी शेवटचा व्यवहार लगेच कळवल्यामुळे तेवढी रक्कम बँकेने अडवली. बाकीची गेली. म्हणून संशय आल्या क्षणी बँकेला कळवा, खात्री होईपर्यंत थांबू नका, आणि लाजेने गप्प तर मुळीच बसू नका. आमच्यातल्या दोघी लाजेने गप्प राहिल्या, तेवढ्या काळात त्यांचे आणखी हप्ते गेले.

तक्रारीनंतर थोड्याच दिवसांत एका ‘वसुली सल्लागारा’चा फोन आला. आम्ही किती पैसे भरले, कुठल्या तारखांना भरले, सगळं त्याला तोंडपाठ. थोडी प्रक्रिया फी भरा, सगळे पैसे परत मिळवून देतो म्हणाला. एवढी माहिती फक्त लुबाडणाऱ्यांकडेच असू शकते. हा त्याच फसवणुकीचा दुसरा भाग आहे, त्याला उत्तरही देऊ नका.

मी देणगी देणं थांबवलेलं नाही. आता हिशेब प्रसिद्ध करणाऱ्या, कुठल्या जंगलात काय काम चालतं ते सांगणाऱ्या संस्थेला देते, आणि पत्ता स्वतः टाइप करून त्यांच्या वेबसाइटवर जाते, जाहिरातीतून कधीच नाही. यंदाचे पैसे लाल पांडाच्या अधिवासासाठी दिले. हिमालयातला हा छोटा प्राणी अजूनही ‘संकटग्रस्त’ यादीत आहे आणि त्याच्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं.

आमची पत्रं लिहिणारे सध्या हिमबिबट्याच्या पिल्लासाठी पैसे मागत आहेत. वाक्यं तीच आहेत: आई सापळ्यात मेली, ऑपरेशन उद्या आहे, चोवीस तास उरले आहेत. फोनवर असा मजकूर आला तर पैसे पाठवू नका, आणि ज्या ओळखीच्या माणसाने तो पुढे पाठवला असेल त्याला आजच फोन करून सांगा. त्याचे हप्ते कदाचित सुरू झाले असतील.